सोसायटीने भंगारात काढलेली सायकल उभी करतेय: मागची रिम, कॉटर आणि इतर कटकटी

रानजाई | ९ जून, रात्री १०:१२

आमच्या सोसायटीत (कोथरूड) पार्किंग साफ करायची मोहीम निघाली. नोटीस लागली, "बेवारस सायकली आठ दिवसांत न हलवल्यास भंगारात देण्यात येतील." आठ दिवस झाले, काल टेम्पो आला. अकरा सायकली गेल्या. बहुतेक लहान मुलांच्या, मागची दोन आधाराची चाकंसुद्धा न निघालेल्या. एक मात्र मी टेम्पोत चढवल्यावर उतरवून घेतली. मोठी काळी, जेन्ट्स, रॉडब्रेकवाली (ब्रेकला तारेऐवजी लोखंडी सळ्या). भंगारवाला वजनावर ४०० म्हणाला, मी ५०० दिले. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला, घरी आल्यावर नवऱ्याने.

सध्याची अवस्था: फ्रेम, हँडल, चिमटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यावर गंज आहे पण वरवरचा. मागची रिम कुजली आहे, नखाने पोपडे निघतात. पुढची बरी. टायर वाळून तडकलेले. चेन एका टोकाला धरून उचलली तर काठीसारखी आडवी राहते. पायडल एकच. सीटचं कातडं फाटलंय, स्प्रिंगा शाबूत. कंपनीची पट्टी पुढच्या नळीवरून गायब, नुसती दोन भोकं. मागच्या मडगार्डला रिबेट मारलेला एक छोटा पितळी बिल्ला आहे, काळाठिक्कर.

सायकलच्या बाबतीत माझी मजल पंक्चर काढण्यापर्यंत. हे उभं करण्यात शहाणपण आहे का? असेल तर स्वतः किती करू आणि दुकानात किती देऊ? आणि पार्ट मिळतील का?

हिशेबनीस | ९ जून, रात्री १०:३१

शहाणपण नाही. प्रश्न संपला.
दोन टायर, दोन ट्यूब, रिम, तारा, चेन, पायडल, सीट, मजुरी. तीन हजाराच्या आत सुटलात तर मला कळवा. त्यात थोडी भर घातली की तशीच नवी कोरी मिळते. आणि हे वीस किलोचं धूड घेऊन तुम्ही चांदणी चौकाकडे चढणार? शुभेच्छा.

वाफाळता_चहा | ९ जून, रात्री १०:४०

हिशेबनीस, तुम्ही लग्नाच्या वेळीपण असाच हिशेब केला होता का? (हघ्या, म्हणजे हलके घ्या)

हिशेबनीस | ९ जून, रात्री १०:४४

केला होता. तोही तोट्यातच गेला, म्हणून तर सांगतोय.

चिमटाबहाद्दर | ९ जून, रात्री ११:५८

ताई, करा. डोळे मिटून करा. माझ्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं, त्यामुळे दहावीपर्यंतच्या सुट्ट्या ग्रीसमध्ये गेल्या आहेत.

पार्टची काळजी सोडा. ही सायकल आणि आज लुधियानाहून येणारी काळी सायकल यांच्यात मापांचा फरक जवळपास नाही. टायर २८ × १½. हे माप तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. लाख रुपयांच्या कार्बनच्या सायकलचा एखादा हँगर मोडला तर पंधरा दिवस वाट बघत बसाल, हिची कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत मिळते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद झाला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाला, पण ॲटलस चालवणाऱ्यांची काही अडचण झाली नाही. दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसतोच.

एक गोष्ट आधी तपासा. चेनव्हीलवर (पुढचं मोठं दातेरी चक्र) कापून काढलेली नक्षी असेल. त्यात अक्षरं आहेत की काही चित्र?

नॉटिंगहॅमचा_नाना | १० जून, पहाटे ३:२०

चिमटाबहाद्दरांना तो प्रश्न का पडला ते मी सांगतो. त्या नक्षीत बगळ्यांची डोकी असतील तर ती रॅले. इथलीच, आमच्या गावची. विलायती रॅलेच्या मधल्या एक्सलच्या (पायडलच्या दांड्यांमधला) वाट्यांना इंचाला २६ आटे, नेहमीच्या वाट्यांना २४. दिसायला सारखंच. नेहमीची वाटी जोर लावून फिरवलीत तर फ्रेमचे आटे जातील आणि मग बसा रडत. मी इथे चॅरिटीच्या दुकानातून घेतलेल्या एका सायकलवर हा पराक्रम केलेला आहे.

रानजाई | १० जून, सकाळी ८:०५

बगळे नाहीत. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर अक्षरं दिसली: बीएसए.

चिमटाबहाद्दर | १० जून, सकाळी ८:३०

झकास, मग २४ चे आटे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळ धंदा बंदुकांचा. म्हणून त्यांच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असतात. आपल्याकडे मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयच्या (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) कारखान्यात हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए अशा तिन्ही निघायच्या. अर्थात चेनव्हील बीएसएचं म्हणजे सायकल बीएसएचीच असं समजू नका. आमच्या दुकानात एका सायकलला तीन कंपन्या नांदायच्या.

आता काम. तुम्ही स्वतः करा: पुढचं चाक उघडणं, हँडलचे छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या), मधला एक्सल, साफसफाई, ग्रीस, ब्रेकची रबरं. दुकानात द्या: मागचं चाक विणणं आणि आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं). फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) वाटेला जाऊ नका.

छर्रे मोजून ठेवा: पुढच्या चाकात ३/१६ चे, एका बाजूला १०. मागच्या चाकात पाव इंची, एका बाजूला ९. मधल्या एक्सलला पाव इंची सुटे असतील तर एका बाजूला ११. जुने परत घालू नका. छर्रे म्हणजे किरकोळ खर्च, पण एक फुटका छर्रा कोन (एक्सलवरचा निमुळता नट) आणि वाटी दोन्ही खातो. वाटीत ग्रीस भरायचं, छर्रे त्यात रोवायचे, म्हणजे चिकटून राहतात.

डाव्या पायडलचे आटे उलटे. चेनकडच्या वाटीचेही उलटे, पण ती वाटी काढूच नका, आतून पुसा.

आणि कॉटर. क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर ज्या खिळीने बसलेली असते ती. नट सैल करा, पूर्ण काढू नका, शेवटच्या आट्याशी बरोबर आणून ठेवा म्हणजे हातोडीने आटे चेपणार नाहीत. क्रँकच्या खाली जाड पाइपाचा तुकडा उभा करून टेका द्या. टेका नसेल तर प्रत्येक घाव छर्‍यांवर आणि वाटीवर जातो. मग एकच दणका, नेमका. वीस टिचक्या मारत बसाल तर कॉटर वाकेल आणि मग ड्रिल करावं लागेल. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

उत्रेख्तकर | १० जून, दुपारी १:१५

वाचतोय. इथे ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली उपसून काढतात. पंजा लावलेली बोट येते आणि चिखलातून गुच्छ उचलते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या आज्जीची आठवण झाली. ती पोळीचा तुकडा टाकला तरी जीव टाकायची.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), इथल्या जुन्या आजोबाछाप सायकलींनाही तेच २८ × १½. गेल्या वर्षी मी पुण्याहून येताना दोन टायर बॅगेत आणले. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, नेदरलँड्समध्ये सायकलचे टायर घेऊन कोण येतं?

सातारी_कंदी | १० जून, दुपारी ४:४८

बिल्ल्याबद्दल कुणीच बोलत नाही! तो नगरपालिकेचा सायकल कराचा बिल्ला. दरवर्षी कर भरायचा, नवा बिल्ला लावायचा. आमच्याकडे वडील तो चिमट्याच्या वर तारेने बांधायचे. बिल्ला नाही, दिवा नाही किंवा डबलसीट, तिन्ही गुन्हे. मी आणि माझा मावसभाऊ तिन्ही एकदम करताना पोवई नाक्यावर सापडलो होतो. हवालदाराने दंड नाही केला, दोन्ही चाकांतली हवा सोडली आणि व्हॉल्वची नळी खिशात घातली. दोन मैल ढकलत घरी. वडिलांनी घरी वेगळा दंड केला तो वेगळा.

पितळ असेल तर चिंच लावून घासा. नाव, साल दिसेल.

आडगावची_अक्का | १० जून, सायंकाळी ६:०२

व्हॉल्वची नळी!! ती काळी रबरी बारीक नळी, दुकानदार कात्रीने बोटाच्या पेराएवढी तोडून द्यायचा. तिच्यासाठी शाळा बुडवली आहे.

आणि भाड्याच्या सायकली. तासावर मिळायच्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर. आम्हाला नेहमी ७ नंबर यायची, तिला ब्रेक नव्हते. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून चालवायची. त्या तिरक्या अंगाने मी गाव पालथं घातलंय. नंतर सीटवर बसायला शिकले तेव्हा सरळ चालवताच येईना.

बंड्या_बुलढाणा | १० जून, सायंकाळी ६:२०

अक्का, आमच्याकडे त्याले कैची म्हणत. अन् पडल्यावर आधी सायकल पाहाची, मंग गुडघा.

रानजाई | १४ जून, रात्री ९:४०

प्रगती कळवते. चिंच लावली. बिल्ल्यावर "न. पा." आणि "७१-७२" स्पष्ट. गावाचं नाव जिथे असावं बरोबर तिथून रिबेटचं भोक पाडलंय. फक्त शेवटचा "ड" दिसतो.

उजवा कॉटर एका दणक्यात निघाला. डावा वाकला. चिमटाबहाद्दर, तुमच्या वीस टिचक्यांचा आकडा मी चाळीसपर्यंत नेला. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, फरशी बदलताय का? शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन ड्रिल करून घेतला.

आणि हो, फ्रीव्हीलच्या वाटेला गेले. नुसतं वरचं झाकण बघू म्हटलं. त्याचेही आटे उलटे असतात हे नेटवर वाचून आपण फार हुशार असं वाटलं. झाकण निघालं आणि मोहरी सांडावी तसे बारीक छर्रे बाल्कनीभर. मी ४१ गोळा केले. किती होते देव जाणे.

चिमटाबहाद्दर | १४ जून, रात्री ९:५५

सांगितलं होतं हो.

नवीन फ्रीव्हील घ्या. आणि घेतेच आहात तर १८ दात्यांचं घेऊ नका. तुमच्या चेनव्हीलला ४४ असतील तर ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात जवळपास ५.४ मीटर. सपाटीवर छान, चढावर गुडघे बोलतात. २२ चं मिळालं तर एका फेऱ्यात ४.४ मीटर. कोथरूडच्या चढांना तेच बरं. हिशेबनीसांचं चांदणी चौकाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चेन मात्र थोडी लांब लागेल.

हिशेबनीस | १४ जून, रात्री १०:०१

नोंद घ्यावी: चिमटाबहाद्दर माझ्याशी सहमत झाले.

रानजाई | १७ जून, दुपारी १२:३०

मोठा घोटाळा. मागची रिम आणली, ४२० रुपये. चकाचक. दुकानात विणायला दिली. त्यांनी हब हातात घेतला, रिम हातात घेतली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतले भूमितीचे सर आठवले. हबला भोकं ४०. रिमला ३६.

नॉटिंगहॅमचा_नाना | १७ जून, दुपारी २:१०

ताई, ही आमच्या साहेबांची करणी. जुनी विलायती पद्धत, पुढे ३२, मागे ४०. ओझं मागे असतं म्हणून मागे तारा जास्त, बेरीज तीच ७२. नंतर जगाने दोन्हीकडे ३६ करून टाकलं, रॉडब्रेकवाल्या काळ्या सायकलीत जुनी चाल टिकली.

आरे_कारे | १७ जून, दुपारी ३:३४

भोकांच्याही आधीचा प्रश्न: जी रिम आणलीत ती रॉडब्रेकची आहे का? रॉडब्रेकची रबरं रिमला बाजूने लागत नाहीत, आतून लागतात, हबच्या दिशेने, तारांच्या रांगेच्या दोन्ही अंगांना. त्यासाठी रिमला आतून तशा दोन पट्ट्या असाव्या लागतात. वायरब्रेकच्या रिमला त्या नसतात, तिच्या बाजू सपाट. तुमची ३६ भोकांची रिम बहुतेक वायरब्रेकची असणार. म्हणजे ४० भोकं असती तरी ब्रेक लागला नसता.

नवी घेताना जुनी रिम काखोटीला मारून दुकानात जा. तोंडाने माप सांगू नका.

रानजाई | १७ जून, दुपारी ३:५०

वायरब्रेकचीच आहे. जुनी रिम काखोटीला मारून बसने जाते आता. दुकानदार चकाचक रिम परत घेत नाही, दोन तारा ओवून बघितल्या म्हणून.

वाफाळता_चहा | १७ जून, दुपारी ४:०५

गच्चीवर टांगा, दोडक्याचा वेल चढवा. आमच्याकडे अशी आहे.

जुना_बाजार_रविवार | १७ जून, रात्री ८:१९

मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. तिथे एकदा फिरा. नवी रिम मिळतेच, पण जुनी जाड पत्र्याची, क्रोम टिकलेली रिम मिळाली तर सोडू नका. घेताना जमिनीवर आडवी ठेवून बघा, चारी बाजूंनी टेकली पाहिजे. डायनमोही बघा, ६ व्होल्टचा. आतलं चुंबक चांगलं असेल तर बोटाने फिरवताना अडकत अडकत फिरतो. घासाघीस करा, पण सायकल घरी पोरीला शाळेत जायला करतोय असं सांगा. संग्रहासाठी म्हणालात की किंमत तिप्पट.

संग्रहावरून आठवलं, कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तुमच्यापासून जवळ. जुन्या सायकलींचे सुटे भाग, बिल्ले, दिवे, सगळं ओळीने बघायला मिळतं. आपल्या सायकलला काय काय नाही ते तिथे गेल्यावर कळतं, आणि मग खर्च वाढतो, हा इशारा.

कोरा_करकरीत | १९ जून, सकाळी १०:००

रंगाचं काय ठरवलंत? माझ्या मते पूर्ण घासून पावडर कोटिंग करा. सात-आठशे रुपयांत फ्रेम नवी होते. गंजलेली सायकल फिरवण्यात काय ते जुनेपण?

आरे_कारे | १९ जून, सकाळी १०:२२

अजिबात करू नका! त्या काळ्या रंगावर सोनेरी रेघा असतील तर त्या हाताने ओढलेल्या असतात. कोटिंगवाला सॅंडब्लास्टिंग करेल, रेघा गेल्या त्या गेल्या. शिवाय आट्यांत रंग जाऊन बसतो, वाट्या आवळत नाहीत, ते वेगळं.

कोरा_करकरीत | १९ जून, सकाळी १०:२५

आट्यांना आधी टेप लावतात हो. आणि रेघा बघायला सायकलवरून उतरायला लागतं.

आरे_कारे | १९ जून, सकाळी १०:३१

तुम्ही जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांना ऑइलपेंट मारणाऱ्यांतले दिसता.

कोरा_करकरीत | १९ जून, सकाळी १०:३३

वाडा पाडण्यापेक्षा बरं की नाही?

कोकणी_काजू | १९ जून, सकाळी ११:४५

भांडू नका. क्रोमसाठी सोपा उपाय: जेवणाच्या डब्याला गुंडाळतो तो ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा येत नाही, गंज मात्र निघतो. लोखंडी काथ्या वापरू नका. रंगावर कारचं पॉलिश. आमच्या रत्नागिरीत खाऱ्या हवेने दर पावसाळ्यानंतर हा सोहळा असतो.

कुणी धुण्याच्या सोड्यात बुडवून बॅटरी जोडायचा उपाय सांगेल. चांगला आहे, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा चमचा लावू नका, पाणी विषारी होतं. आणि उघड्यावर करा, त्यातून हायड्रोजन निघतो.

रानजाई | १९ जून, रात्री ९:०८

कागदाने घासलं. हँडलमध्ये माझं तोंड दिसतंय, काळवंडलेलं. रंग आहे तोच ठेवते. सोनेरी रेघ सीटखालच्या नळीवर वीतभर शिल्लक आहे, तेवढ्यासाठी.

तर्कटराव | २१ जून, सकाळी ७:१५

एक मूलभूत शंका. मागची रिम नवी, तारा नव्या, टायर-ट्यूब नवे, चेन नवी, फ्रीव्हील नवं, पायडल नवी, मधला एक्सल नवा, कॉटर नवे. मग ही "ती" सायकल उरली कुठे? उद्या चिमटा बदललात आणि परवा फ्रेम, तर मडगार्डवरच्या बिल्ल्याला जुनी सायकल म्हणणार का?

आडगावची_अक्का | २१ जून, सकाळी ८:४०

तर्कटराव, आमच्या घरातल्या गोधडीला सहा वेळा नवा अस्तर-पदर लागलाय. आतलं लुगडं पणजीचं, बाहेर काय वाट्टेल ते. तिला कुणी नवी गोधडी म्हणत नाही.

तर्कटराव | २१ जून, सकाळी ८:५२

पण मग या सायकलमधलं लुगडं कोणतं?

चिमटाबहाद्दर | २१ जून, सकाळी ९:१०

फ्रेम. वडील एवढंच बघायचे. गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं की ते फ्रेमच्या सांध्यांवरून अंगठा फिरवायचे आणि चिमटा बाजूने बघायचे, मागे सरकलाय का. ते दोन ठीक असले की म्हणायचे, "ठेवून जा." नसेल तर पैसे घेत नसत, चहा पाजून परत पाठवत. दुकान चाललं नाही यात नवल नाही.

बंड्या_बुलढाणा | २१ जून, दुपारी १:००

मले एक सांगा, त्या बाकीच्या धा सायकली काहून जाऊ देल्या? आमच्या गावाकडं पोरी चार किलोमीटर पायी शाळेत येतात. तुमच्या सोसायट्यांत पार्किंगमधी सडतात अन् मंग वजनावर जातात. रागावू नका, पण डोक्यात जाते.

रानजाई | २१ जून, दुपारी २:२५

रागावत नाही. मीही टेम्पो आल्यावरच खाली उतरले. त्याआधी आठ दिवस रोज नोटीस वाचत होते.

हिशेबनीस | २१ जून, दुपारी ३:१०

आमच्या सोसायटीत चौदा पडल्या आहेत, मी खजिनदार आहे. बंड्याभाऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वाहतूक तुमची की आमची ते बोलू.

बंड्या_बुलढाणा | २१ जून, दुपारी ३:१२

हिशेबनीस!! सूर्य कुठून उगवला आज?

रानजाई | २८ जून, रात्री १०:५०

उभी राहिली. स्टँडवर नाही, रस्त्यावर.

आधी हिशेब, कारण एक गृहस्थ वाट बघत असतील. टायर दोन ६८०, ट्यूब दोन २६०, रिम (४० भोकं, जुन्या बाजारातली) ४२०, तारा-निपल (तारेच्या टोकाचे नट) २४०, चेन १८०, मधल्या एक्सलचा सेट १६०, कॉटर चार (दोन बिघडवले) ४०, छर्रे-ग्रीस १२०, पायडल जोडी १९०, ब्रेकची रबरं ६०, सीटला नवं कातडं ३००, चाक विणायची मजुरी २५०. झाले २,९००. फ्रीव्हील चिमटाबहाद्दरांच्या आग्रहाचं २२ दात्यांचं, ते आणि ड्रिलिंग मिळून २००. दोडक्याची रिम ४२०. सायकलचे मूळ ५००. हिशेबनीस, तीन हजाराच्या आत सुटले नाही.

मागचं चाक विणताना मी शेजारी बसून बघितलं. ते काका ट्रुइंगचं यंत्र वापरत नाहीत. चाक चिमट्यात अडकवून, खडू टेकवून फिरवतात. जिथे खडू लागतो तिथली निपल पाव फेरा. मधेच तारेवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात. चाळीस तारा, पाऊण तास, एकदाही चष्मा नाकावरून वर नाही ढकलला.

आणि सायकल कुणाची ते कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला ती पुसताना बघितलं आणि म्हणाल्या, ही तर वॉचमनदादांची. आमच्याकडे आधी जे वॉचमन होते, उमरग्याकडचे, ते गावाहून येताना एसटीच्या टपावर घालून आणलेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते ट्रकमधून गावी गेले, सायकल जिन्याखाली ठेवून. "आलो की घेतो" म्हणाले होते. परत आले नाहीत. बिल्ल्यावरचा "ड" कसला ते मात्र तसंच राहिलं, उमरग्यात ड नाही.

सातारी_कंदी | २८ जून, रात्री ११:०५

कराड असेल. बीड, मुरुड, नांदेड पण होतात. त्यांनी ती कुणाकडून जुनीच घेतली असणार. त्यांचा नंबर मिळतो का बघा ना.

रानजाई | २९ जून, सकाळी ९:३०

सोसायटीच्या रजिस्टरमध्ये होता. लावला. आता तो इंदापूरच्या एका मुलाचा आहे, त्याने फार सौजन्याने राँग नंबर म्हणून सांगितलं. ज्या एजन्सीतून ते आले होते तिकडे सेक्रेटरी विचारणार आहेत, म्हणजे मीच विचारायला लागणार.

तोवर सध्याच्या वॉचमनना चावी दिली आहे, रात्रपाळी संपल्यावर घरी जायला. मी सकाळी दूध आणायला नेते. त्यांची तक्रार एकच: २२ दात्यांमुळे सपाटीवर पाय नुसते गरागरा फिरतात.

एक प्रश्न राहिलाय. चालवताना "खट्ट" असा आवाज येतो. ठरावीक अंतराने.

आरे_कारे | २९ जून, सकाळी ९:४१

पायडलच्या फेऱ्यागणिक की चाकाच्या फेऱ्यागणिक? पायडल थांबवून नुसती सायकल सोडा. तरीही आला तर चाक. नाही आला तर पायडल, क्रँक किंवा मधला एक्सल.

रानजाई | २९ जून, सकाळी ११:१५

पायडल थांबवलं की बंद. डावा पाय खाली दाबताना येतो.

चिमटाबहाद्दर | २९ जून, सकाळी ११:२०

डावा कॉटर. जो तुम्ही वाकवला होता त्याच्या जागचा. नवा कॉटर दोन-चार दिवस चालवल्यावर आत बसतो आणि नट सैल पडतो. पाइपाचा टेका द्या, एक दणका, आणि मग नट आवळा. नट आवळून कॉटर ओढायला जाऊ नका, आटे जातील. तरीही राहिला तर कॉटर काढून त्याच्या सपाट बाजूवर चमक कुठे आली ते बघा. टोकालाच आली असेल तर कानशीने हलक्या हाताने पूर्ण सपाटीला टेकेल असा घासा.

एकच दणका.

रानजाई | २९ जून, दुपारी १२:०२

खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगून येते आधी.